२८ फेब्रुवारी : भाषणे संपल्यावर

दरवर्षी २८ फेब्रुवारी आला की शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. भारत सरकारने १९८६ साली हा दिवस ठरवला आणि १९८७ पासून तो पाळला जाऊ लागला. फळ्यावर रंगीत खडूंनी शीर्षक काढले जाते. टेबलावर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची तसबीर ठेवतात, तिला हार घालतात, उदबत्ती लावतात. चार विद्यार्थी पाठ केलेली भाषणे करतात, पाहुणे दोन शब्द बोलतात आणि आभार मानून मुले वर्गात परततात.

अशाच एका कार्यक्रमाला आम्ही काही वर्षांपूर्वी पाहुणे म्हणून गेलो होतो. शाळा कोकणातली, खाडीच्या काठावरची. सातवीतल्या एका मुलीने न अडखळता सुरेख भाषण केले. "समुद्राचे पाणी निळे का दिसते, हे रामन यांनी जगाला सांगितले," या वाक्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पण आमची खाडी तर मातकट आहे. ती का नाही निळी?" सगळे हसले. शिक्षकांनी त्याला खाली बसायला सांगितले. वेळ झाली होती, आभारप्रदर्शन व्हायचे होते. आम्हीही हसलो आणि गप्प बसलो.

परत येताना मात्र आम्हांला चुकल्यासारखे वाटू लागले. त्या दिवशी त्या सभागृहात खरे विज्ञान एकाच ठिकाणी होते, आणि ते त्या मुलाच्या प्रश्नात होते. त्या प्रश्नाचे नेमके उत्तर आम्हांलाही देता आले नसते, हे त्याहून लाजिरवाणे. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

भाषणातली तीन वाक्ये

विज्ञान दिनाच्या भाषणांत तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. आमच्याही भाषणांत ती अनेक वर्षे होती.

पहिले वाक्य : 'आज रामन यांची जयंती.' हे साफ चूक आहे. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ हा त्यांच्या शोधाचा दिवस आहे. आपल्याकडे बहुतेक दिवस माणसांच्या जन्माचे नाहीतर मृत्यूचे असतात. एका प्रयोगाचा दिवस देशभर पाळला जातो, हे या दिवसाचे वेगळेपण आहे आणि तेच मुलांना सांगायला हवे.

दुसरे वाक्य : 'आकाश निळे का, हे रामन यांनी शोधले.' तेही बरोबर नाही. आकाशाच्या निळाईचा उलगडा लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ पासूनच्या आपल्या लेखांत केला, म्हणजे रामन यांच्या जन्माच्याही आधी.

तिसरे वाक्य : 'समुद्र निळा दिसतो तो रामन परिणामामुळे.' यात थोडे खरे आणि बरेच खोटे मिसळले आहे. समुद्राच्या रंगाने रामन यांना प्रकाशाच्या विखुरण्याच्या अभ्यासाकडे ओढले, हे खरे. पण ज्याला रामन परिणाम म्हणतात त्यामुळे समुद्र निळा दिसत नाही.

ही वाक्ये एकेक करून सोडवू. त्यासाठी लागणारे सामान म्हणजे दूध, हळद, कपड्यांना घालायची नीळ आणि एक विजेरी.

आकाश कशाने निळे?

सूर्याचा प्रकाश पांढरा दिसला तरी त्यात सगळे रंग असतात, हे मुलांना ठाऊक असते. प्रकाश हा तरंग आहे. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर, तर तांबड्याची सुमारे ६५० नॅनोमीटर. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) हवेचे रेणू या तरंगांपेक्षा शेकडो पटींनी लहान असतात. प्रकाश त्यांच्यावरून जाताना रेणूंतले विद्युतभार तरंगाच्या तालावर हेलकावू लागतात, आणि हेलकावणारे भार स्वतःच सगळ्या दिशांना प्रकाश फेकतात. यालाच प्रकाशाचे विकिरण, म्हणजे विखुरणे, म्हणतात.

हेलकावे जितके जलद तितका फेकलेला प्रकाश जास्त. रॅले यांनी दाखवून दिले की, विखुरलेल्या प्रकाशाचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ६५० ला ४५० ने भागून येणाऱ्या संख्येचा चौथा घात काढला की उत्तर ४ पेक्षा थोडे जास्त येते. म्हणजे तांबड्यापेक्षा निळा प्रकाश चौपटीहून अधिक विखुरतो. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर सहज होते. आपण सूर्याकडे न पाहता आकाशाच्या इतर भागाकडे पाहतो तेव्हा आपल्या डोळ्यांत हा विखुरलेला प्रकाश येतो.

इथे एखादी चलाख मुलगी विचारते, "जांभळ्याची तरंगलांबी निळ्याहूनही कमी. मग आकाश जांभळे का नाही?" प्रश्न रास्त आहे. सूर्यप्रकाशात जांभळा भाग मुळात कमी असतो आणि आपले डोळे जांभळ्याला कमी संवेदनशील असतात. डोळ्यांत येणाऱ्या मिश्रणाचा एकूण परिणाम निळा असा होतो. म्हणजे आकाशाचा रंग काही प्रमाणात आपल्या डोळ्यांनीही ठरवलेला आहे.

सूर्य मावळताना त्याचा प्रकाश तिरपा येतो. डोक्यावरच्या सूर्यापेक्षा क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश हवेतून जवळजवळ चाळीस पट मार्ग कापतो. वाटेत निळा भाग विखुरून निघून जातो आणि उरतो तो पिवळा, शेंदरी, तांबडा. हवेत बारीक कण वाढले की हे रंग आणखी गडद होतात. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा त्याची धूळ उंच वातावरणात पसरली आणि पुढे कित्येक महिने जगभर विलक्षण तांबडे सूर्यास्त दिसले.

बाटलीतली संध्याकाळ

हे सगळे बाटलीभर पाण्यात दाखवता येते. प्लॅस्टिकची एक लिटरची पारदर्शक, नितळ बाटली पाण्याने भरून आडवी ठेवा. वर्गाच्या खिडक्या लावून घ्या. बाटलीच्या तळाकडून विजेरीचा झोत आत सोडा. साध्या पाण्यात झोत जवळजवळ दिसत नाही. आता एकेक थेंब दूध घालून हलवत जा. दूध शक्यतो साय काढलेले घ्या. पाच-सहा थेंबांनंतर बाजूने पाहिल्यास विजेरीजवळचा भाग निळसर दिसू लागतो आणि दूरचे टोक पिवळट होत जाते. बाटलीच्या दुसऱ्या टोकातून थेट विजेरीकडे पाहिले तर दिवा शेंदरी दिसतो. निळसर भाग म्हणजे दुपारचे आकाश आणि शेंदरी दिवा म्हणजे मावळता सूर्य.

मुलांना थांबवू नका, दूध घालू द्या. चमचाभर दूध पडले की निळे-पिवळे सगळे जाऊन नुसते पांढरे उरते. हेही शिकण्यासारखे आहे. प्रकाश एकदा नव्हे तर शेकडो वेळा विखुरला की रंग पुन्हा एकमेकांत मिसळतात. ढग पांढरे दिसतात त्याला हे एक कारण आहे. दुसरे कारण म्हणजे ढगातले पाण्याचे थेंब तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, आणि मोठे थेंब सगळ्या रंगांना सारखेच विखुरतात.

सभागृहात रामन यांच्या तसबिरीपुढे लावलेली उदबत्तीही उपयोगी पडेल. तिचा धूर काळ्या फळ्यासमोर धरला तर निळसर दिसतो. तोच धूर उजेडाच्या खिडकीसमोर धरून पाहिला तर भुरकट-पिवळट दिसतो. फळ्यासमोर आपण विखुरलेला प्रकाश पाहतो, खिडकीसमोर विखुरून उरलेला. चुलीच्या धुराचेही असेच असते. गर्द झाडीसमोर तो निळा आणि आभाळासमोर तपकिरी दिसतो. खेड्यातल्या मुलांनी हे रोज पाहिलेले असते, फक्त कोणी विचारलेले नसते.

बोटीवरचे रामन

आता समुद्राकडे वळू. रामन कोलकात्यात आधी सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेल्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत प्रयोग करत. १९१७ मध्ये त्यांनी नोकरी सोडून कोलकाता विद्यापीठात प्राध्यापकपद घेतले. १९२१ साली ऑक्सफर्डला विद्यापीठांची परिषद होती. तिला जाण्यासाठी ते प्रथमच परदेशी गेले. वाटेतला भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांना स्वस्थ बसू देईना.

समुद्राच्या निळाईबद्दल तेव्हा रॅले यांचे मत प्रमाण मानले जाई. ते म्हणत की, खोल समुद्राचा निळा रंग पाण्याचा नसून आकाशाच्या निळाईचे प्रतिबिंब आहे. आकाशाचे कोडे ज्याने सोडवले त्याच मोठ्या शास्त्रज्ञाचे हे मत. रामन यांनी ते तपासायचे ठरवले. परतीच्या प्रवासात, एस. एस. नारकुंडा या बोटीवर, त्यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचे छोटेसे उपकरण होते. पाण्यावरून विशिष्ट कोनात, उभ्या रेषेशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून, परावर्तित होणारा प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत असतात. निकोल प्रिझम योग्य तऱ्हेने फिरवले की असा प्रकाश अडवता येतो. रामन यांनी प्रिझममधून समुद्र पाहिला. आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे झाले, पण निळा रंग गेला नाही. उलट तो अधिकच गडद दिसू लागला! म्हणजे निळाई पाण्याच्या आतून येत होती. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा, २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख घातलेले टिपण त्यांनी 'नेचर' या नियतकालिकाकडे धाडले. ते नोव्हेंबरमध्ये छापून आले.

आज निकोल प्रिझमची गरज नाही. ध्रुवण करणारे गॉगल बाजारात मिळतात. ते खरोखर तसे आहेत की नाही, हे कॅल्क्युलेटरच्या किंवा संगणकाच्या पडद्यासमोर फिरवून कळते. एका स्थितीत पडदा काळा पडतो. असा गॉगल घेऊन तळ्याच्या काठी उभे राहा आणि काच फिरवून पाहा. पाण्यावरची चमक जाते आणि खालचे दगड दिसू लागतात. सूर्याकडे मात्र गॉगल लावूनही कधी पाहायचे नाही, हे मुलांना आधी बजावावे.

रामन यांच्याही पुढे

प्रतिबिंबाचे मत रामन यांनी खोडले. पण निळाई पाण्याच्या आतून येते ती कशी? त्यांचे उत्तर असे होते की, हवेच्या रेणूंप्रमाणे पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात आणि त्यात निळा जास्त विखुरतो. पाणी तांबडा प्रकाश थोडा शोषते, हे त्यांना माहीत होते. पण त्या शोषणाला त्यांनी दुय्यम स्थान दिले.

आजचे ज्ञान हा क्रम उलटा लावते. शुद्ध पाण्याच्या रंगात शोषणाचा वाटा मोठा आहे. ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पाच मीटर पाण्यातून गेला की त्याचा जेमतेम पाचवा भाग उरतो. निळा मात्र जवळजवळ तसाच पार होतो. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातले बंध स्प्रिंगप्रमाणे कंप पावतात, आणि या कंपनांना तांबड्या प्रकाशाची थोडी ऊर्जा चालते. याचा एक पुरावा फार सुंदर आहे. जड पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा दुप्पट जड भाऊ, ड्यूटेरियम, असतो. त्यामुळे तिथली कंपने संथ होतात, शोषण अवरक्त भागात सरकते, आणि जड पाण्याला निळी झाक उरत नाही. विकिरणाचे कामही आहेच. ते नसते तर प्रकाश खालून वर परतला नसता आणि स्वच्छ खोल समुद्र काळा दिसला असता. विकिरण प्रकाश परत आणते, शोषण त्यातला तांबडा काढून घेते.

रॅले यांचे मत रामन यांनी दुरुस्त केले आणि रामन यांचे पुढच्यांनी. यामुळे कोणीही लहान होत नाही. तसबिरीला हार घालताना हेही सांगितले, तर विज्ञानात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो हे मुलांना एका उदाहरणात कळेल.

आता खाडीच्या मुलाला उत्तर देता येते. खाडीच्या पाण्यात गाळ असतो. गाळाचे कण मोठे, ते सगळेच रंग विखुरतात आणि मातीच्या गुणामुळे निळा भाग शोषतात. प्रकाश पाण्यात हात-दोन हात जातो न जातो तोच गाळावरून परत फिरतो. तांबडा गाळून निघायला लागणारी खोली त्याला मिळतच नाही. म्हणून रंग मातकट. शेवाळाचे सूक्ष्म जीव वाढले की तेच पाणी हिरवट होते. प्रतिबिंब तर खाडीतही पडते. धक्क्यावर उभे राहून सरळ खाली पाहिले तर पाणी शेकडा दोनच भाग प्रकाश परावर्तित करते आणि आपल्याला पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. नजर दूर नेली की परावर्तन वाढत जाते आणि पलीकडच्या तीरापाशी पाण्यावर आभाळ दिसू लागते. खाली पाहिले तर पाण्याचा रंग, दूर पाहिले तर आभाळाचा. त्या मुलाला धक्क्यावर घेऊन गेले असते तर पाच मिनिटांत काम झाले असते.

मग २८ फेब्रुवारीला काय घडले?

रॅले यांच्या विकिरणात प्रकाशाची दिशा बदलते, रंग बदलत नाही. निळा जातो तो निळाच विखुरतो. १९२१ नंतर रामन आणि त्यांचे विद्यार्थी वेगवेगळ्या द्रवांतून प्रकाश कसा विखुरतो हे पाहत होते. १९२३ साली के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात मूळचा नसलेला एक क्षीण रंग दिसला. द्रवातल्या अशुद्धीमुळे असेल, असे आधी वाटले. पण द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही तो जाईना.

१९२८ च्या सुरुवातीला रामन आणि के. एस. कृष्णन यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांची युक्ती साधी होती. सूर्यप्रकाशाचा झोत निळ्या-जांभळ्या गाळणीतून द्रवात सोडायचा आणि विखुरलेला प्रकाश हिरव्या-पिवळ्या गाळणीतून पाहायचा. पहिली गाळणी जे सोडते ते दुसरी पूर्ण अडवते. रंग बदलत नसेल तर काहीच दिसता कामा नये. पण दिसत होते! द्रवामागून द्रव तपासले, तरी तेच. मग बदललेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा मूळ रंगापासून वेगळा झालेला त्याचा भाग स्पष्ट दिसला. हा तो २८ फेब्रुवारीचा दिवस. याच सुमारास मॉस्कोमध्ये लान्ड्सबर्ग आणि मान्डेलश्टाम यांनाही क्वार्ट्‌झच्या स्फटिकात हाच परिणाम आढळला. रामन यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घडते ते असे. प्रकाशाचा एखादा कण रेणूवर आदळताना आपली थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनाला देतो आणि कमी ऊर्जेचा, म्हणजे बदललेल्या रंगाचा, होऊन बाहेर पडतो. क्वचित उलटही होते. कंपणाऱ्या रेणूकडून ऊर्जा घेऊन तो बाहेर पडतो. हे फार विरळा घडते, ढोबळमानाने सुमारे एक कोटी कणांत एखाद्याच्या बाबतीत. म्हणूनच ना आकाशाचा रंग त्याने ठरतो, ना समुद्राचा. पण प्रत्येक पदार्थाच्या रेणूंची कंपने वेगळी, त्यामुळे रंगातला बदलही वेगळा. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा तसा या बदलावरून पदार्थ ओळखता येतो. लेसर हाती आल्यावर हे काम सोपे झाले. औषध खरे की बनावट, खडा हिरा की काच, जुन्या चित्रातला रंग कोणत्या खनिजाचा, हे वस्तूला धक्का न लावता आज याच पद्धतीने तपासतात.

हळदीचा उजेड

रामन परिणाम इतका क्षीण आहे की शाळेत तो साध्या साधनांनी दाखवता येत नाही, हे मुलांना प्रामाणिकपणे सांगावे. दोन गाळण्यांची युक्ती मात्र दाखवता येते.

चिमूटभर हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळून गाळ खाली बसू द्या. (जवळपास ज्योत नको, उदबत्तीसुद्धा विझवा.) वरचा पिवळा द्रव काचेच्या लहान बाटलीत घ्या. अंधारात त्यावर नोटा तपासायच्या जांभळ्या विजेरीचा उजेड टाका. द्रव हिरवट-पिवळ्या उजेडाने झळकतो. आता डोळ्यांपुढे पिवळा जिलेटीन कागद धरा. विजेरीचा जांभळा उजेड बराचसा अडतो, हळदीची झळक मात्र तशीच दिसते. आत गेलेला रंग वेगळा आणि बाहेर आलेला वेगळा, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पटते. विजेरी कोणाच्या डोळ्यांवर धरायची नाही, एवढी काळजी घ्या.

हा रामन परिणाम नव्हे, हे लगेच सांगा. याला प्रतिदीप्ती म्हणतात. हळदीतले रंगद्रव्य उजेड गिळते आणि क्षणार्धात दुसऱ्या रंगाचा उजेड बाहेर टाकते. रामन यांच्यापुढेही हाच पेच होता की दिसतो तो क्षीण उजेड प्रतिदीप्ती तर नव्हे? तो प्रकाश ठळकपणे ध्रुवित होता आणि तपासलेल्या सगळ्याच द्रवांत आढळत होता. प्रतिदीप्ती अशी नसते. शंका आधी स्वतःच काढायची आणि मग तिचे निरसन करायचे, ही शिस्त या शोधाच्या मुळाशी आहे.

एका दिवसाचे वर्ष करावे

विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. दोन दिवस लागून येतात, याचा फायदा घ्यावा. पहिल्या दिवशी मुलांकडून रंगांचे आणि उजेडाचे शब्द गोळा करावेत. आकाशी, मोरपंखी, शेंदरी, आमसुली, डाळिंबी, पोपटी, राखी, करडा. तिरीप, कवडसा, झोत, संधिप्रकाश. 'झुंजूमुंजू' आणि 'तांबडं फुटलं' यांत फरक काय, हे आजीला विचारून यायला सांगावे. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्या शब्दांशी आभाळ ताडून पाहावे. ज्याच्याजवळ शब्द असतो त्याला छटा लवकर दिसते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा उपक्रम निळीचा. अठराव्या शतकात ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञाने निळ्या छटांच्या कागदी पट्ट्यांची चकती करून तिने आकाशाची निळाई मोजली होती. आपण कपड्यांची नीळ वापरू. दहा वाट्यांत सारखे पाणी घेऊन पहिलीत एक थेंब, दुसरीत दोन, अशी दहापर्यंत नीळ घाला. प्रत्येकीत जाड पांढऱ्या कागदाची पट्टी बुडवून वाळवा आणि पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवा. रोज मधल्या सुट्टीत सूर्याकडे पाठ करून, आकाशाच्या ठरावीक भागाशी पट्ट्या ताडून क्रमांक लिहायचा. फाल्गुन-चैत्रात धुळीने पांढुरके झालेले आकाश आणि पाऊस सरल्यावर आश्विनातले धुतलेले आकाश यांतला फरक आकड्यांत उतरतो. वर्षाअखेर मुलांच्या हाती त्यांनी स्वतः जमवलेली माहिती असते.

कॅलेंडरात आणखीही दिवस आहेत. १६ मे हा युनेस्कोने ठरवलेला आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन. १९६० साली याच तारखेला थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवला. त्याच सुमारास महाराष्ट्रात शून्य सावलीचे दिवस येतात. कोल्हापुरात ६ मे, पुण्यात १३ मे, मुंबईत १५ मे, नागपुरात २६ मे च्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. तेव्हा शाळेला सुट्टी असते. हा योग पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये येतो तेव्हा ढग आडवे येतात. म्हणून हा प्रयोग सुट्टीचा अभ्यास म्हणून द्यावा. गावोगाव पांगलेली मुले आपापल्या तारखा घेऊन आली की अक्षांश न शिकवता समजतात.

आणि ज्याला कोणताच दिवस लागत नाही असा प्रयोग म्हणजे झाडाखालचे कवडसे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, पण जमिनीवरचे कवडसे गोल. का? कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा आहे. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ग्रहण लागले तेव्हा, जिथे ढग नव्हते तिथे, याच कवडशांच्या चंद्रकोरी झाल्या होत्या. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून तीन मीटरवर कवडसा पाडा. त्याचा व्यास साधारण २.८ सेंटिमीटर भरतो, म्हणजे अंतराच्या सुमारे १०८ वा भाग. सूर्याचे अंतर १५ कोटी किलोमीटर. त्याला १०८ ने भागा. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर येतो. शाळेच्या अंगणात पट्टीने सूर्य मोजून होतो.

तसबिरीला हार जरूर घालावा, भाषणेही व्हावीत. फक्त आभारप्रदर्शनाआधी दहा मिनिटे मोकळी ठेवावीत आणि मागच्या रांगेतून कोणी उभे राहिले तर त्याला बसवू नये. उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, चल, पाहू या" असे म्हणावे. आम्ही त्या दिवशी ते म्हणू शकलो नाही. आपल्या वर्गातल्या निळीच्या पट्ट्यांच्या नोंदी आणि मुलांनी विचारलेले प्रश्न आम्हांला अवश्य कळवा. चुकीची उत्तरेही पाठवा, त्यांतूनही पुष्कळ शिकता येते.